मोकळा पट्टा

२ ऑक्टोबर १९८८
अखेर वनरक्षकाची वर्दी अंगावर चढली! साक्रीहून एस.टी.ने फाट्यापर्यंत आलो, पुढे पायी. चौकी झकास आहे. दोन खोल्या, ओटा, दारात विहीर. बाबासाहेबांचा फोटो खिळ्याला लावला आणि संसार मांडून झाला. मागे रानाने भरलेली दरी आहे. आमच्या एरंडोलकडे हिवाळा सरला की सगळं पिवळं पडतं; इथे म्हणे मे महिन्यातही ऊन जमिनीला टेकत नाही. आमचे रेंजर साहेब म्हणाले, बारमाही हिरवं असं रान आपल्याकडे दुसरं नाही, खालच्या गावांच्या विहिरी याच्याच झऱ्यांवर जगतात, तेव्हा एक फांदी तुटता कामा नये. तुटू देतो की काय! महिनाअखेर प्रमिला बाळाला घेऊन येईल. तिला आजच पत्र टाकलं.

६ ऑक्टोबर
आल्या आल्या चोर सापडले. रान आणि गाव यांच्यामध्ये, चौकीच्या दोन्ही अंगांना, एक मोकळा पट्टा आहे. पावसाळा सरला की अख्खं गाव कोयते घेऊन येतं आणि तिथली नवी रोपं छाटून टाकतं. म्हणजे जंगल वाढायच्या आधीच त्याचा गळा दाबायचा! मी सगळे कोयते जप्त केले. गावातले वडीलधारे चुडामण आबा हात जोडून म्हणाले, "भाऊ, आमी रान नही तोडतस, गाव राखतस." न कापलं तर रान खाली गावात उतरतं म्हणे. मला हसू आवरेना. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि असल्या थापांवर तर मुळीच नाही.

१३ ऑक्टोबर
गाव फुगून बसलंय. दूध घालणाऱ्या ताईबाई अक्कांनी मला पाहून दार लावून घेतलं. एक जण तर माझ्या समोर थुंकला. थुंका बापडे. पट्ट्यातली रोपं मात्र एवढ्यात कमरेला लागली. साहेबांना कळवलं, खूश होतील. पाखरं तेवढी त्या पट्ट्यात उतरत नाहीत. का, ते कळत नाही.

१९ ऑक्टोबर
झाडं पत्र्याच्या वर गेली. मागच्या भिंतीतून मुळं आत आली. सकाळी तोडली, जेवून उठेपर्यंत पुन्हा हजर. विहिरीचं पाणी हिरवं झालंय.
अक्कांची हरवलेली बकरी पट्ट्यात सापडली. उभीच होती. वेल तोंडातून आत गेली होती आणि डोळे हलत होते. मी वेल कापली, तर बकरी किंचाळली.
पळत आलो. भीती वाटते आहे. खूप भीती वाटते आहे.

२२ ऑक्टोबर
कोयते परत द्यायला गेलो. गाव रिकामं. शेवटच्या बैलगाडीत आबा होते. म्हणाले, कोवळं असतं तेव्हाच कापायचं, आता कोयता चालत नाही. "बठ्ठं गाव गयं, भाऊ." सगळं गाव गेलं. रागावले असते तर बरं झालं असतं. उलट गाडीत बस म्हणाले.
कसा बसणार? प्रमिलाचं पत्र आलंय. महिनाअखेरपर्यंत धीर नाही, चोवीस तारखेलाच निघते म्हणते. ती फाट्यावर उतरेल आणि सरळ चौकीची वाट धरेल. बाळ कडेवर असेल. तिला फाट्यावरच अडवायला हवं. आत्ताच निघतो. वही खिशात —

२३ ऑक्टोबर
वाट नाही. जिथे होती तिथे खोडं, हातही शिरत नाही. फाटा हाकेच्या अंतरावर असेल. परत वळलो तर मागेही —
मीच राखलं हे. मीच.

२४ ऑक्टोबर
उजेड थोडा. पाय हलत नाहीत. खाली बघवत नाही. हात अजून मोकळे —

एस.टी.चा हॉर्न. आली.

हाका मारते आहे. बाळ रडतंय. ओरडायला तोंड उघडलं की पानं आत —

सळसळ. झाडं बाजूला होताहेत. माझ्यासाठी नाही. तिच्यासाठी. चांगली रुंद वाट, सावलीची. बाळाला म्हणते आहे, बघ, किती गार —

नको. प्रमिला, आत नको, परत —