इंजन मी, जोडी त्यांची

रवि. ७ डिसें.
सायकल क्लबची थंडीतली पहिली सैर. देवास गेटहून भैरवगढ. कानटोपी घालूनही कान दुखले. बंडूच्या शेजारी आज खरेसाहेब. बँकेतून रिटायर, नाशिकहून इथे नानाखेड्याला मुलाकडे राहायला आलेत. गिअरची सायकल. मिल चालू होती तेव्हापासून बंडूच्या डाव्या हाताला मी. पहिल्या पाळीला तसेच जायचो. मिल बंद पडली, जागा नाही बदलली. आज मागे राहिलो. कोणाच्या लक्षातही आलं नाही.
बंडू त्यांना क्लबचा नियम समजावत होता. सगळ्यात हळू चालवणारा पुढे, तो 'इंजन', त्याला ओलांडायचं नाही. म्हणजे कोणी मागे सुटत नाही. इतकं रंगवून मला कधी काही सांगितलं नाही त्याने. इंजन जोशीकाकूच, दरवर्षीप्रमाणे.

रवि. १४
सैरीनंतर पोहे. बंडूने जिलबी घेतली नाही. तंबाखूची डबीही निघाली नाही. खरे नुसते बघतात आणि हा ऐकतो. मी इतकी वर्षं सांगतोय तर म्हणायचा, तू मेरी अम्मा है क्या.

बुध. १७
बंडूकडे गेलो. भिंतीला गिअरवाली टेकलेली. आत न जाता परतलो.
हिला सांगितलं. म्हणाली, "तुमचं लग्न बंडूभाऊजींशीच लावायला हवं होतं. मी सुटले असते."
खऱ्यांकडे बोलायला गोष्टी असतील. मी आठवी नापास. माझ्याकडे त्याच त्या मिलच्या, आणि त्या बंडूला पाठ.

रवि. २१
जोशीकाकू मुलीकडे इंदौरला गेल्या. इंजन कोण, असं निघालं. बंडू सगळ्यांसमोर म्हणाला, "विन्या चलेगा आगे. अब यही सबसे बूढ़ा है." सगळे हसले. खरे खाली बघत होते. म्हणजे आधी ठरलेलं.
मग मी निघालो ते थांबलोच नाही. सगळ्यांना सोडून भैरवगढला एकटा पोचलो. छाती भात्यासारखी. बघा म्हातारा. मागे वळून पाहतो तर रस्ता रिकामा. बराच वेळ कोणी येईना तसा उलटा फिरलो. पुलियाच्या कठड्यावर बंडू बसलेला, तोंड पांढरं, खऱ्यांचा हात पाठीवर. मला बघून बंडू म्हणाला, चेन उतर गई थी. चेन जागेवर होती. मी घराकडे सायकल वळवली. रागच होता अजून.

सोम. २२
बंडू आला. चालत. हिला चहा करायला आत पाठवलं आणि सांगितलं. हृदयाचं आहे. इंदौरच्या डॉक्टरने सांगितलंय, सपाट रस्त्याला, सावकाश चालवा, दम लागता कामा नये. दिवाळीआधीचं हे. खऱ्यांना माहीत, कारण त्यांचंही तेच झालेलं. त्रास झालाच तर द्यायची गोळी त्यांच्या खिशात असते.
"मला का नाही सांगितलंस?"
"तुला सांगितलं असतं तर तू माझ्या आधी गेला असतास."
खोटं नाही. त्याला साधा खोकला झाला तरी मला झोप नसते. पण दिवाळीपासून? फराळाला इथेच बसला होता, याच खुर्चीवर.
घरी कळलं तर सून सायकल कुलपात घालेल, क्लबात कळलं तर ते येऊ देणार नाहीत. म्हणून इंजन मी व्हायचं. मी हळू, तर सगळे हळू. म्हणाला, "लोग तुझे बूढ़ा कहेंगे, मुझे बीमार. म्हाताऱ्याला कोणी सायकलवरून उतरवत नाही रे."
हो म्हटलं. तो गेल्यावर वाटलं, शेजारी ये असं नाही म्हणाला.

रवि. २८
पुढे चाललो. इतकं हळू की हँडल डुगडुगतं. मागून पोरं, "काका, कोयला डालो इंजन में." हसलो. मागे ते दोघे बोलत होते. हसले की मला टोचायचं. गप्प झाले की वाटायचं, बंडूला काही झालं. वळून बघता येत नाही, तोल जातो. म्हणून घंटी वाजवायचो. बंडूची उलट वाजायची. त्याची फुटकी आहे, ओळखू येते. परतताना एकदा वाजवली तर खऱ्यांची वाजली. पाय थांबले. मागून बंडूचा आवाज, "चल ना यार, नाक पोंछ रहा था."
पोह्यांच्या गाडीवरही ते दोघे एका बाकावर. मी उभ्याने खाल्ले.

शनि. ३ जाने.
सकाळपासून धुकं. चेनला तेल दिलं. ही म्हणते, या थंडीत नका जाऊ. बंडूचा निरोप, कल पक्का.
दुपारी कोणीतरी म्हणालं, खऱ्यांना सर्दी-ताप आहे. पहिल्यांदा बरं वाटलं. उद्या मागे माझा बंडू एकटा, मीच त्याच्या शेजारी... मग आठवलं. शेजारी मी, तर पुढे कोण. आणि गोळी कोणाच्या खिशात. मला तर तिचं इंग्रजी नावही वाचता यायचं नाही.
संध्याकाळी मुलाकडून फोन लावून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला फोन. "खरेसाहेब, उद्या येताय ना?"
खोकले. म्हणाले, "पाहतो, विनायकराव."
पाहतो म्हणजे काय.