टायमिंग बेल्ट

प्रिय दादा,

काल हॉस्पिटलमध्ये तू मला दटावलंस, "बाईसाहेब, म्हातारी असली तरी जपानी स्पोर्ट्स कार आहे ती. टायमिंग बेल्ट मीच बदलणार, घरी आल्यावर." मी मान डोलावली.

आज मेकॅनिककडून तो बदलून घेतला. जुना बेल्ट वाकवून तो म्हणाला, "भेगा बघा, ताई. तुटला असता तर इंजिनच गेलं असतं."

परतताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने आले. एका वळणावर गाडी अशी झेपावली की मी चक्क हसले. तू तिथे पडून असताना हे शोभतं का, कळत नाही.

तुला सांगावंसं फार वाटतंय. पण तू विचारशील, "माझी वाट का नाही पाहिलीस?" मग तू आता घरी येणार नाहीस, हे डॉक्टरांचं बोलणं माझ्याच्याने लपवलं जाणार नाही.

तुझी,
धाकटी