कीड न लागणारा तांदूळ

५ डिसेंबर १९५४
झाडांचं औषध संपलं एकदाचं. निकामी झाडाला कुऱ्हाडीनं गोल खाच पाडायची, खाचेत औषध ओतायचं, झाड उभ्या उभ्या वाळतं. सोमलाचं विष असतं त्यात. साहेबांची ऑर्डर, रिकामी पिंपं खड्डा खणून पुरा. घट्ट झाकणाची, नवी कोरी पिंपं! पुरा म्हणे! मी जंगलखात्याचा नाकेदार आहे, मूर्ख नाही. दोन घरी आणली. कवटीचं चित्र खरवडून काढलं. राख, चिंच, गरम पाणी, सगळं करून धुतली आणि वर्षाचा तांदूळ भरला.
गिरजा म्हणे, झाडं मारायचं पिंप हाय जी ते. म्हटलं, तू झाड आहेस का? बायकांना लॉजिक समजावून सांगावं लागतं.

२२ डिसेंबर
गावातल्या दादाजीची गाय मेली. औषध ओतलेला बुंधा चाटला तिनं, खारट लागतो ना. दादाजी नाक्यावर येऊन ऊर बडवून रडला. म्हटलं, झाडावर 'धोका' असा बोर्ड आहे. तर म्हणे, गाईले वाचता येते का जी? हा काय बहाणा झाला! निष्काळजी लोक आहेत. नव्या वर्षात यांना डिसिप्लिन लावणार.

११ मार्च १९५५
गावभर तांदळात सोंडे झाले. आमच्या पिंपात एक नाही! शेजारची भागीरथाबाई सूप घेऊन आली, मूठभर तांदूळ पाखडून पाहिला, तोंडात बोट घातलं. गिरजाला म्हटलं, बघ. ती बघत नव्हती.

८ एप्रिल
गिरजाचं काही खरं नाही. दिवसभर चुलीपुढं बसते. वेणी नाही, फणी नाही. विंचरलं की केस हातात येतात म्हणे. मळमळतं म्हणाली तेव्हा मला वाटलं, गोड बातमी. तसं नव्हतं. आज भात वाढता वाढता रडायला लागली. विचारलं, काऊन रडून राह्यली? म्हणे, मलेच नाई माहीत जी.
निदान: रिकामं मन. उपाय: टाइम-टेबल. पहाटे फिरणं, मग खुशीत हसणं, मग कामं. उद्यापासून लागू.

१० एप्रिल
काल हसली. माझ्याकडे बघून हसली, पण हसली. आज हसता हसता हुंदके देऊ लागली. थोडी प्रॅक्टिस पाहिजे.

२९ मे
गिरजाच्या अंगावर काळे ठिपके. हात बधिर. काल पातेलं सुटलं, सगळा भात जमिनीवर. मी ओरडलो. वाईट ओरडलो. ती म्हणे, माह्यात काई उरलंच नाई. असं बोलतात का नवऱ्याला? वैदूनं ताकद राखायला सांगितलं आहे. आजपासून तिला दोन वेळा पोटभर भात, समोर बसून खायला घालणार. नाही म्हणू देणार नाही.

३ जुलै
तिचा भाऊ मनसाराम नागभीडहून चिखलातून बंडी हाकत आला. बहिणीला पाहून चपलाही न काढता तिचं बोचकं बांधायला लागला. म्हणे, भाऊजी, नेतो मी इले. म्हणे, तुमच्या घरात काईतरी हाय. माझ्या घरात? जिथं किडासुद्धा फिरकत नाही? वाट्टेल ते बोललो. तरी नेलंच त्यानं. गिरजानं वळूनही पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. बंडी दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो, पण ते ऊन पडलं होतं म्हणून.

१७ ऑगस्ट
भागीरथाबाई नागभीडला लेकीकडे गेली होती, आज आली. म्हणे गिरजा सुधारली. जेवते. धानाच्या रोवण्यात बायांसंग गाणं म्हणून राह्यली होती. केस येऊन राह्यले.
गाणं! माझ्या घरी कधी गुणगुणली नाही. म्हणजे सगळं नाटक होतं. आणि लोक काय म्हणतात, नाकेदाराची बायको भावाच्या भातावर जगते. नाक कापलं माझं.
घर खायला उठतं. हे कुणाला सांगणार नाही.

२० ऑगस्ट
तोड काढली. दुसरं पिंप अजून हातही न लावलेलं आहे. ते बंडीत घालून नाक्यावरचा गडी लटारू याच्याबरोबर नागभीडला पाठवलं. निरोप दिला, माझी बायको माझंच खाईल, आणि तुम्हीही खा, कमी पडणार नाही. दिवसभर मन हलकं वाटलं. तिला घरची चव मिळेल.

६ सप्टेंबर
लटारू सांगत आला, मनसारामची बायको गोकुळा खूश आहे. असा साफ तांदूळ जन्मात नाई पाह्यला म्हणे. आता तरी माझी किंमत कळली असेल.

२ नोव्हेंबर
चुलीतला निखारा पायाखाली आला, कळलंच नाही. वास आला तेव्हा खाली बघितलं. एवढा कंट्रोल साधूंनाच येतो! तळहातावर कण्यांसारखे खडे आहेत. कष्टाचे हात आहेत ते.
लटारू हसला. कशाला हसला? कानफटात मारली. तो म्हणे, मी तुमच्यावर नाई हसलो जी, मी हसलोच नाई. मग मी सागाच्या मागे जाऊन बसलो. डोळ्यात कचरा गेला होता. बराच वेळ जात होता.

२५ नोव्हेंबर
नाक्यावर गेलो नाही. कालही नाही. मनाची शक्ती वाढवण्यासाठी विश्रांती लागते. उद्यापासून पहाटे उठणार. पुस्तकही वाचणार. तोवर पडून राहतो.

११ डिसेंबर
मनसाराम आला. ओळखलाच नाही मी. डोळे खोल गेलेले, हाताला कंप. अंगणातच वाकून त्यानं माझे पाय धरले. म्हणे, माफ करा भाऊजी. तुमच्या घरात काईच नव्हतं. मीच वंगाळ बोललो. माह्या घरी बी तसंच हून राह्यलं. गोकुळा बसून असते, रडते. मायनं बोलणं सोडलं. अन गिरजा... गिरजा आता कोणालेच ओळखत नाई जी.
पाच महिने मी या एका वाक्याची वाट पाहत होतो. दोष माझ्या घराचा नव्हता! काय काय सुनवायचं ते सगळं तयार होतं. तोंड उघडलं आणि भोकाडच पसरलं. दोघं अंगणात बसून बायांसारखे रडलो.
मग म्हटलं, आण तिला. मलाही ओळखणार नसेल तर नसो. माझी आहे. उद्या बंडी जाईल.
मनसाराम भला माणूस. माझं पिंप परत घेऊन आला होता. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून त्यानं ते धुऊन-पुसून, स्वतःच्या धानाच्या बांधीतल्या नव्या तांदळानं काठोकाठ भरून आणलंय. गिरजाला न् मला वर्षभर पुरेल.