माळवदावरचा नवा थर

४ मे
चार वर्षं जमिनीखालची गुरगुर ऐकूनही अफवाखोर ठरलेल्या गावकऱ्यांनो, ही वही तुमच्यासाठी! आज भूकंपमापक यंत्र घेऊन बोरीजवळच्या तुमच्या गावात आले. आश्रुबाकाका आणि चतुराबाईंनी ओसरीलगतची खोली दिली, गरम भाकरी वाढली. त्यांची सून दीपिका सहा दिवसांची बाळंतीण. हादऱ्यांच्या धास्तीनं तिला बाळासकट अंगणातल्या पत्र्याच्या खोपीत ठेवलंय. घरावर मातीचं माळवद. हादऱ्यानं भेगा पडल्या, की छत गळू नये म्हणून काका वर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर देतात.

६ मे
पारावर तासभर बोलले. बांगड्यांची कोमट लाख हळू ओढली तर ताणते, झटक्यानं ओढली तर तुटते. पृथ्वीच्या पोटातला तापलेला खडक असाच युगानुयुगं सरकतो. वरचा थंड कातळ ताण साठवतो आणि तडकतो. छोट्या हादऱ्यांनी हा ताण निघून जातो, घरात निर्धास्त झोपा, असं ठासून सांगितलं. मला इथं पाठवणाऱ्या साहेबांनी दिलेल्या कागदावर तसंच होतं. टाळ्या पडल्या. चतुराबाई म्हणाल्या, "पोरी, तू म्हणतीस तर आत नेते लेकराला. पत्रा लय तापायलाय."

८ मे
यंत्राच्या पेटीच्या तळाशी गेल्या वर्षीचा अहवाल सापडला. खाली साहेबांचीच सही. आत लिहिलेलं: छोट्या हादऱ्यांनी ताण संपत नाही. मातीच्या छताची घरं तातडीनं रिकामी करावीत. फोन केला. साहेब शांतपणे म्हणाले, गाव हलवणं परवडणार नाही. तू बोलतेस छान, म्हणून तर तुला पाठवलं.
माझ्या जिभेनं तुम्हाला फसवलं.

९ मे
घरोघर फिरले. कुणी ऐकेना. आश्रुबाकाका हसले, "निकिताताई, पारावरचं खरं का आजचं?" त्यांनी खोप मोडली. माळवदावर नवा थर पडला. त्या ओझ्यानं तुळई करकरते—

१० मे, दुपार
आज बारसं. आत वीस बायका. अशुभ बोलते म्हणून चतुराबाईंनी मला बाहेर काढून आतून कडी लावली. यंत्रावरची रेघ थांबत नाही. पायाखाली कुणी जातं ओढतंय, जवळ, अजून जवळ— भिंतीतून माती गळतेय— आत पाळण्याची गाणी, माझी हाक पोचत नाही—

हे पान दाराखालून सरकवतेय. दीपिका, तुला वाचता येतं. कुणाला विचारू नकोस. बाळाला उचल, कडी काढ आणि सगळ्यांना घेऊन अंगणात—