कामाची वाटणी

नेर,
५ जुलै २०२४

ती. रूपसिंगदादास,
शीलाचा सा. न. वि. वि.

घरात फोन असून पत्र लिहून राह्यली म्हून हसू नको. आमच्याकडे फोन एकाचा वाजते अन् ऐकतात सगळे. म्हून हे तुह्या शाळेच्या पत्त्यावर टाकते.

गर्भपिशवीच्या ऑपरेशनले महिना झाला. टाके सुकले, पण तीन महिने पाण्याचा भरला गुंड उचलायचा नाही अन् वाकून झाडायचं नाही, असं डॉक्टरबाईनं बजावलं आहे. सेवंती यवतमाळच्या होस्टेलवर परत गेली. पोरीचं बारावीचं वर्ष, तिले किती दिवस थांबवू? मग परवा जेवताना मी सगळ्यायले सांगतलं का, घर सगळ्यांचं आहे तर काम एकटीचं काहून? कागदावर नावं लिहून फ्रिजवर चिकटवली. पाणी भरणं सेवंतीच्या बाबांकडे, संध्याकाळची भांडी बादलकडे, कपड्यांच्या घड्या अन् डाळ निवडणं सासूबाईकडे. स्वयंपाक माह्याकडे. बादलनं विचारलं का, वीस वर्षांचा झालो, आता भांडी घासू काय. मी म्हटलं, वीस वर्षं त्याच भांड्यांत जेवला ना. तुह्या भाच्याचं तोंड पाह्याले पाहिजे होतं!

वहिनीले नमस्कार सांगजो. लहान बहिणीवर माया राहू दे.

तुझी,
शीला


घाटंजी,
१२ जुलै २०२४

चि. सौ. शीलास,
अ. आ.

तुझं फ्रिजवरचं टाइमटेबल वाचून स्टाफरूममध्ये एकटाच हसलो. मास्तर मी आणि हेडमास्तरीण तू! संजयराव दिवसभर पिठाच्या चक्कीवर उभे राहतात, त्यांना फार ताणू नकोस.

आमच्याकडे असा कागद कधी लागला नाही. मी उठतो तेव्हा अंगण झाडलेलं असतं, पाणी तापलेलं असतं, डबा भरलेला असतो. कोण केव्हा करतं, कळतसुद्धा नाही. घर असं गोडीगुलाबीनं चालावं. रुक्मा तुझी चौकशी करते.

औषध वेळेवर घे. सर्वांवर प्रेम आहेच, ते असंच राहावं.

तुझा दादा,
रूपसिंग


नेर,
२८ जुलै २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुह्या घरी कोण करते हे तुले कळत नाही, ते वाचून मी वहिनीची आठवण काढली. असो.

पंधरा दिवस छान गेले, दादा. सेवंतीचे बाबा पहाटे नळावर उभे राहत. बादल मोबाइलवर गाणे लावून भांडी घासे. सासूबाई घड्या घालता घालता त्यायच्या तांड्यावरच्या गोष्टी सांगत, अन् मी बसून ऐको. लग्नाले बावीस वर्षं झाली, पण या घरात मी अशी बसलीच नव्हती.

मागच्या रविवारी दिग्रसहून मोठे जेठ आले, यायचे भाऊ किसनसिंग. बादल मोरीत कढई घासत होता. जेठ हसले अन् यायले विचारलं का, संजय, बायकोनं तुम्हा बापलेकाले रोजानं लावलं काय? सासूबाईचं मले सगळ्यात जास्त लागलं. सकाळीच हसत घड्या घातल्या होत्या. त्या म्हणाल्या का, सुनेनं या वयात मले मोलकरीण केलं. सेवंतीच्या बाबानं सगळ्यांसमोर कागद फाडला.

मंगळवारी नळ आला. कोणी उठलं नाही. तीन दिवसांनी एकदा येणारं पाणी, सोडू कसं? दोन गुंड मीच भरले. दुपारी लुगडं भिजलं, रक्तानं. पुन्हा टाके पडले.

यायनं तुले फोन केलता म्हणे. काय बोलले ते मले कोणी सांगत नाही. तू एकदा ये. ते तुले मानतात. माह्या बाजूनं दोन शब्द बोल, एवढीच विनंती. बहिणीले अंतर देऊ नको.

तुझी,
शीला


घाटंजी,
४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. शीलास,
अ. आ.

पत्र वाचून वाईट वाटलं. तब्येतीला जप. शाळेत प्रशिक्षण सुरू आहे, लगेच येणं जमणार नाही.

संजयरावांशी फोनवर अर्धा तास बोललो. पाहुण्यांसमोर माणसाला खाली पाहावं लागलं की तो चिडतो, हे तूही समजून घ्यायला हवं. पण मी त्यांना एक मार्ग सुचवला आणि तो त्यांना पटला. तुला आराम मिळेल, घरात शांतताही राहील. आता ते कागदाचं प्रकरण मिटव.

काळजी करू नकोस. भावाच्या मनात तू आहेसच.

रूपसिंग


नेर,
१९ ऑगस्ट २०२४

दादास,
नमस्कार.

तुझा मार्ग काल ट्रंक घेऊन घरी आला.

सेवंतीचे बाबा मले न सांगता यवतमाळले गेले अन् तिले घेऊन आले. म्हणाले का, तुह्या भावानंच सुचवलं, पोरगी घरी असताना वाद कायले? मी तिले त्याच पावली परत पाठवाले निघाली, तर त्यायनं सांगतलं का, होस्टेलवर नाव काढून आलो, पलंग दुसऱ्या पोरीले गेला. तीन महिन्यांचाच प्रश्न आहे म्हणे.

आपली माय, याडी, अंथरुणाले लागली तेव्हा मी आठवीत होती. तवा बापूनं हेच म्हटलं होतं, थोड्या दिवसांसाठी. त्याच वर्षी तू डी.एड.ले गेला. मी भाकरी बांधून देत होती तुले. या गोष्टीबद्दल मी तुले आजपर्यंत एक शब्द बोलली नाही, कारण मले वाटे का तुले ते माहीत आहे.

शीला


घाटंजी,
८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शीलास,
अ. आ.

तुझ्या पत्राला अडीच महिने उत्तर दिलं नाही. सुचलं नाही, हेच खरं. भाऊबीजेला आलो तेव्हा तू ओवाळलंस आणि तबक घेऊन स्वयंपाकघरात गेलीस.

सेवंतीनं वाढलं. मी हात धुऊन येईपर्यंत माझं ताट घासून झालं होतं. घर लखलखीत. मी तिची पाठ थोपटली आणि पोरगी गुणाची आहे असं संजयरावांना म्हणालो. घरी येऊन रुक्मालाही तेच कौतुकानं सांगितलं. ती चुलीपाशी बसली होती. तिनं एवढंच विचारलं, की तिथं तुम्ही आपलं ताट उचललं होतं काय. मग उठून आत गेली.

काल सेवंतीच्या कॉलेजात फोन केला. हजेरी नाही, प्रॅक्टिकल नाहीत, यंदा बसता येणार नाही म्हणाले. तिचं वर्ष मी घालवलं, शीला. जूनमध्ये तिला आमच्याकडे पाठव. मी शिकवतो, जेवणखाण, फी सगळं माझ्याकडे. तिला फोनवर दे, मला तिची माफी मागायची आहे.

रागाव, पण तोडू नकोस.

तुझा दादा,
रूपसिंग


नेर,
२१ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी आता बरी आहे. डॉक्टरबाईनं ऑक्टोबरातच सगळं काम कराले मोकळीक देल्ली. त्या दिवसापासून रोज म्हणून राह्यली का, पोरीची काही सोय पाहा. सेवंतीचे बाबा पाहू म्हणतात. चहा वेळेवर भेटते, बादलले शर्ट इस्त्री केलेला भेटते, सासूबाईचे पाय चेपून होतात. घाई कोणाले आहे?

जूनमध्ये मामाकडे जा, असं मी तिले सांगतलं. तिनं विचारलं का, मग आजीचं कोण करीन, बादलभियाचा डबा कोण भरीन. मी झाडू हातात घेतला का ती काढून घेते. पुस्तकांची ट्रंक तिनं अजून उघडली नाही. मी उघडली, तर मलेच म्हणाली का, माय, कायले पसारा करतं.

फोनवर याले ती तयार नाही. म्हून तुझं पत्र मीच तिले वाचून दाखवलं. कणीक मळता मळता ऐकलं तिनं. मधात थांबली नाही. शेवटी म्हणाली, मामाले लिही का माहा कोणावर राग नाही.

दादा, तिले राग याले पाहिजे होता.

शीला