रेशमाचा गळ

पतंग वर आहे. दोरा गच्चीच्या कठड्याला बांधला आणि लिहायला बसलो. वारा पडला की उतरवीन.

मी, अमरेश भीमाशंकर पटणे, राहणार उदगीर, धान्याचा आडत्या, पूर्ण भानावर आहे. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. धाक घालणारी माझी पत्नी नागम्मा मागेच गेली. डॉक्टरांनी समुद्राच्या लाटांत उतरायला मनाई केली आहे. मी उतरणार आहे, म्हणून हे मृत्युपत्र.

१. घर आणि ठेवी मुलगी सुकन्या हिला. नांदेडच्या तिच्या घराला गच्ची नाही. हे घर विकू नये.

२. दुकानातला माझा हिस्सा भागीदार उमाशंकर याला. मी समुद्रावर असताना तो गिऱ्हाइकांना सांगे, शेठ तीर्थाला गेलेत. ते खोटे नव्हते.

३. कापडी पतंग, चरखी, कमरेचा दोर आणि रेशमाचे झुबके सुकन्येला. हिवाळ्यात कोकणात पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. दोर खडकाला बांधून छातीभर पाण्यात उभे राहावे. लाट डोक्यावरून जाऊ द्यावी. पतंग लाटांच्या पलीकडे जातो, त्याला लोंबणारा झुबका पाण्यावर नाचतो. लांब चोचीचा मासा चावतो. बारीक दात रेशमात अडकतात. ओढून घ्यावा, दात सोडवावेत, मासा सोडावा. तो गेल्यावर तळव्यात थोडा वेळ थरथर उरते. ती कोणाच्या नावे करता येत नाही.

४. थोरला भाऊ संगप्पा याला काही देत नाही. मागतो आहे. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. नागम्मा त्याच्या शेतात कडुलिंबाखाली बसली आहे. तिच्या शेजारची जागा मला हवी. तो देत नाही. भर लग्नात म्हणाला,

"अमऱ्या, गळ्यात लिंग घालून मासे मारायलास व्हय रे?"

"मारत न्हाई अण्णा. धरतो अन् सोडतो."

"मग आण की त्या माशाला साक्षीला!"

मांडव हसला. मीही हसलो. तेव्हापासून बोलणे बंद आहे. मासा आणता येत नाही. निरोप पाठवला आहे : उद्या ये, झुबका हातात घेऊन बघ.

५. झुबके नागम्माच्या इरकल लुगड्याच्या रेशमी पदराचे आहेत. मी पहिल्यांदा निघालो तेव्हा म्हणाली, "जायचं तर जावा. लोखंडाचा गळ नगं." आणि पदर कापून दिला. तिने समुद्र पाहिला नव्हता.

उदगीर, ९ डिसेंबर २०२४
सही : अमरेश पटणे
साक्षीदार : १. रविकांत, शेजारी
२.

पुरवणी. दुसऱ्या दिवशी सकाळी संगप्पा गच्चीवर आला. झुबक्यात बोट घातले, ते अडकले. उन्हात धरून पाहिले.

"नागम्माचा पदर हाय ह्यो."

बोट सोडवायला त्याला बराच वेळ लागला. एकही धागा तुटू दिला नाही. मग कागद ओढून घेतला, सही केली आणि विचारले,

"लिंबाच्या कुठल्या अंगाला?"

२. संगप्पा भीमाशंकर पटणे