साखळीतला हात

औंढे,
२२ जानेवारी

प्रिय अपेक्षा,

मावशींना आणि काकांना जयभीम सांग. गुडघ्याची सूज उतरली का? फोन उचलत नाहीस, मेसेजला निळी खूण येते आणि पुढं काही नाही, म्हणून हे पत्र. चैतालीच्या हातून पाठवतेय. हसू नकोस, शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितेय.

कबड्डीचा कप आला बरं का. चैतालीनं शेवटची चढाई अशी मारली की समोरच्या पोरी बघतच राहिल्या. तुझ्या कोपऱ्यात अनिता उभी होती. बिचारी बरी खेळली, पण साखळी धरली की तिचा हात घामानं निसटायचा. कॉलेजात गुलाल उधळला, पेढे वाटले. माझा पेढा अजून तसाच डब्यात आहे.

मंगळवारी बेडशाला तुमच्या घरी आले होते. तू झोपलीयस असं मावशी म्हणाल्या. झोपली नव्हतीस, आत पंख्याचं बटण वाजलं ते मी ऐकलं. मावशींनी आग्रह करून भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "आमची पोर लय उतावळी. येकटीच घुसली अन् पाय मोडून घेतला. तू व्हतीस म्हनून टीम तरली." भाकरी तशीच ताटात ठेवली. पाणी प्यायले आणि उठले.

उतावळी तू नव्हतीस, अपेक्षा.

आपलं ठरलेलं होतं. हात नुसता धरला तर थांबायचं, जोरात दाबला की दोघींनी एकदम पकडीला जायचं. उपांत्य सामन्यात मी दाबला. तू गेलीस आणि मी हात सोडला. ती धिप्पाड पोरगी आधीच्या चढाईत माझ्या तोंडावर आदळली होती ना, ती परत अंगावर येताना बघून मी घाबरले. बस, एवढंच. तिचं सगळं वजन तुझ्या एकटीच्या गुडघ्यावर आलं.

सरांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "माझीच घाई झाली, सर." मी मान खाली घालून बुटाची नाडी सोडत बसले. फायनलच्या तोंडावर टीममध्ये कुरबूर नको म्हणून तू पांघरूण घातलंस, हे मला तेव्हाच कळलं. पण फायनल झाल्यावरही मी मूग गिळून बसले, त्याला काय म्हणायचं? विद्यापीठाच्या शिबिरातून सरांनी तुझं नाव काढलं ते गुडघ्यामुळं नाही. गुडघा तोवर बरा होईल. एकटी घुसणारी पोर कोपऱ्याला चालत नाही, असं म्हणाले आणि तिथं माझं नाव घातलं. मी थँक्यू सर म्हणाले. लाज वाटते गं.

आज सरावाआधी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. साखळीसाठी धरलेला माझा हात अनितानं हळूच सोडला. सरांनी माझं नाव काढलं, तुझं परत घातलं. मग एवढंच म्हणाले, "हे अपेक्षाला सांगितलंस?"

तुला काय सांगणार? तुला तर त्या क्षणापासून ठाऊक आहे.

रविवारी येते. मावशींना मीच सांगणार. त्यांनी भाकरी नाही दिली तरी चालेल, तू दार नाही उघडलंस तरी बाहेर बसेन. शिबिरात तुझ्या शेजारी कोण असेल माहीत नाही. तिनं हात दाबला की तू पूर्वीसारखी बिनधास्त जा. तुझा पाय अडखळला, तर तो गुडघ्यामुळं नसेल, माझ्यामुळं असेल.

तुझा हात सोडलेली,
रुपाली